भाड्याचा मफलर

“जस्ट वन?”

यादीवर पेन टेकवून गाइडनं विचारलं. सकाळचे सात वाजत आले होते. सोलच्या मेट्रोच्या एका एक्झिटपाशी आम्ही वीस-पंचवीस माणसं तोंडातून वाफा काढत उभी होतो. फोनवर उणे सहा तापमान दिसत होतं. मी म्हटलं, “येस, जस्ट वन.” तिनं माझ्या नावापुढे एक गोल काढला आणि पुढच्या कुटुंबाकडे वळली. आपल्याकडे गोल म्हणजे भोपळा. तिकडे गोल म्हणजे बरोबर. हे मला नंतर कळलं, तोवर मी पाच मिनिटं उगाच त्या भोपळ्याकडे बघत बसले होते.

निघण्याआधी दोन महिने मी हाच प्रश्न मराठीत ऐकत होते. सोसायटीतल्या काकू, ऑफिसातला शिपाई, व्हिसाचे कागद भरून देणारा मुलगा, सगळे एकच विचारायचे: “एकटीच?” त्या ‘च’मध्ये काय काय असतं! नवरा येत नाही का, बरं आहे ना घरी, एवढे पैसे, या वयात, आणि तेही सिरियलींसाठी? कुडाळहून ताईनं तर फोनवर मालवणीतच घेतलं, “तुका याड लागला काय? शूटिंगचीच जागा बघूची आसा तर आकेरीक ये. अर्ध्या तासावर आसा.”

ताईचं अगदी चूक नव्हतं. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि आकेरीतल्या त्या घराबाहेर गाड्या थांबायला लागल्या. लोक वाकून खिडकीतून बघायचे. मीही बघितलंय. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिकडे कोरियात ‘गोब्लिन’ नावाची मालिका सुरू झाली, सोळा भागांची. मला ती सापडली लॉकडाऊनमध्ये, भांडी घासून हात पुसता पुसता. इकडे भूत, तिकडे भूत. फक्त तिकडचं भूत सहा फूट उंच होतं आणि लांब कोट घालायचं.

नवऱ्याला सबटायटल्स वाचता वाचता झोप लागते. जिच्याबरोबर जायचं ठरलं होतं त्या मैत्रिणीचा गुडघा ऐनवेळी रुसला. म्हणून मी एकटीच. च माझाही.

*

एक खुलासा आधी करायला हवा. मी फिरते ती स्वतःचं स्वतः, आणि गाइडच्या झेंड्यामागून चालणाऱ्या घोळक्यांना मी आजवर मनातल्या मनात बरंच हसलेय. शिवाय पूर्व किनाऱ्यावरच्या गांगनुंगपर्यंत २०१७च्या अखेरीपासून सोलहून वेगवान रेल्वेही जाते. पण मला ‘गोब्लिन’मधलं डोंगरातलं एक जंगल बघायचं होतं, समुद्रातला एक बंधारा बघायचा होता आणि रात्री परतही यायचं होतं. मी गेले तेव्हा फोनवरचा आपला नेहमीचा नकाशा तिथे पायी रस्ता दाखवत नव्हता. बसची पाटी मला वाचता येत नव्हती. तेव्हा मुकाट्यानं झेंड्यामागे.

गाइड साधारण माझ्याच वयाची, चोपन्न-पंचावन्नची. गुडघ्यांखाली येणारा काळा फुगीर कोट. त्याला तिथे ‘पॅडिंग’ म्हणतात आणि फेब्रुवारीत अख्खं सोल तो घालून हिंडतं. लांबून बघितलं तर शहरभर गाद्या चालतायत असं वाटतं. बस हायवेला लागल्यावर तिनं माइक हातात घेतला आणि पहिल्याच वाक्यात मला जिंकलं. म्हणाली, “हा ड्रामा टीव्हीवर लागला तेव्हा मी बघितला नव्हता. माझा मुलगा तेव्हा बारावीला होता.” बसमधल्या सगळ्या आशियाई आया एकदम हसल्या. पुढे म्हणाली, “ही नोकरी लागली तेव्हा दोन रात्रींत सोळाही भाग संपवले, दीडपट वेगानं. त्यामुळे माझ्या डोक्यात हीरो अजून भरभर बोलतो.”

तासा-दीड तासानं बस एका थांब्यावर लागली. कोरियन हायवेवरचे हे थांबे ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे. आपल्या एक्स्प्रेसवेवरच्या फूडमॉलसारखेच, पण प्रत्येक प्रांताचं काहीतरी विकायला ठेवलेलं. आम्ही चाललो होतो गांगवॉन प्रांतात. तिथली जमीन डोंगराळ, भाताला कमी, म्हणून बटाटा आणि मका. बाकीचे कोरियन तिथल्या लोकांना चेष्टेनं ‘बटाटे’ म्हणतात, अशी भर गाइडनं घातली. मी कागदी वाटीत लोण्यात परतलेले लिंबाएवढे बटाटे घेतले, लाकडी काडीनं टोचून खायचे. वर मीठ हवं की साखर, असं विक्रेतीनं खुणेनं विचारलं. बटाट्यावर साखर! मी मीठ घेतलं. माझ्याशेजारी उभ्या असलेल्या पोरानं साखर घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “तीता, यू शुड ट्राय.”

फिलिपिन्सचा होता. चोवीस-पंचवीसचा, कानात दोन बाळ्या, डोक्यावर केशरी लोकरी टोपी. बसमध्ये एकटा आलेला दुसरा प्राणी तोच. तीता म्हणजे काय, विचारलं. म्हणाला, आंटी.

परक्या देशात आल्यावर तीन दिवसांत मला कोणी नात्यानं हाक मारली नव्हती. मी एक साखरवाला बटाटा खाल्ला. वाईट होता.

*

पहिला मुक्काम ओदेसान डोंगरातलं वोल्जंगसा. सातव्या शतकातलं बौद्ध मंदिर, आणि त्याच्या वाटेवर फरच्या झाडांचं जंगल. मंदिराच्या पहिल्या कमानीपासून पुलापर्यंत साधारण किलोमीटरभर वाट, दोन्ही बाजूंना मिळून १,७०० च्या आसपास झाडं. खोड सरळ, फांद्या पार वर. मालिकेतला बर्फातला एक प्रसंग इथे चित्रित झालाय. आम्ही गेलो तेव्हाही बर्फ होतं, पण चार दिवसांचं, पायांनी तुडवून कडक झालेलं, कडेला थोडं मातकट. पडद्यावर होतं तसं पिंजलेल्या कापसासारखं नव्हे.

वाटेवर एक फर आडवा पडलेला आहे. सहाशे वर्षांचा, या जंगलातला सगळ्यांत म्हातारा. २००६ च्या ऑक्टोबरात वादळानं कोसळला आणि मंदिरवाल्यांनी तो तिथेच ठेवला. आत पोकळ आहे. माणूस वाकून शिरू शकतो. सगळी बस एकेक करून शिरली आणि फोटो काढून बाहेर आली. सहाशे वर्षं उभं राहून त्याला कोणी विचारलं नसेल एवढं आता विचारतात.

इथेच माझी दिवसभराची नेमणूक झाली. एका आईनं, तिच्या दोन मुली बरोबर होत्या, माझ्याकडे फोन दिला. एकट्या बाईकडे फोन द्यायला सोपा. ती कोणाची वाट बघत नसते, तिला कोणी हाक मारत नसतं आणि फोन घेऊन पळायचं तिचं वय नसतं. मी काढले. आईनं फोटो बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग मुलींना बोलावून दाखवले. पाच मिनिटांत मलेशियाचं नवविवाहित जोडपं रांगेला आलं. त्यांच्यामागे आणखी चौघी.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या वडिलांचा वेंगुर्ल्यात फोटो स्टुडिओ होता. अप्पांचा. (कोरियन मुलं बापाला ‘आप्पा’ म्हणतात. पहिल्या मालिकेत हे ऐकलं तेव्हा मी हातातलं ताट खाली ठेवलं होतं.) दुपारी शाळा सुटली की मी तिथेच असायचे. दिवे धर, पडदा सरळ कर, गिऱ्हाइकाची मान डावीकडे वळव, ही कामं माझी. त्यामुळे माणूस कॅमेऱ्यापुढे कधी अवघडतो आणि कधी सैल होतो हे मला कळतं. एक, दोन, तीन म्हटलं की तो अवघडतो. तीन झाल्यावर, झालं एकदाचं म्हणून श्वास सोडतो, तेव्हा काढायचा. अप्पांची एवढीच विद्या माझ्याकडे आलीय.

मंदिराच्या अंगणात गाइडनं आम्हाला आठ कोनांच्या, नऊ मजली दगडी पॅगोडापाशी थांबवलं. गोर्यो या जुन्या राजवटीच्या काळातला. भोवतालच्या इमारती मात्र नव्या, कारण कोरियन युद्धात, १९५१च्या जानेवारीत, हे मंदिर जाळलं. शत्रूनं नव्हे, त्यांच्याच सैन्यानं, माघार घेताना शत्रूला आसरा मिळू नये म्हणून. मग ती म्हणाली, “इथून आठ किलोमीटर वर सांगवॉनसा नावाचं आणखी एक मंदिर आहे. आपण तिथे जाणार नाही, वेळ नाही. पण गोष्ट ऐका.”

तेही जाळायचा हुकूम होता. सैनिक वर पोचले तेव्हा हानाम नावाचे वृद्ध भिक्षू आत जाऊन बसले. जाळायचं असेल तर मला धरून जाळा, म्हणाले. अधिकारी अडचणीत आला. हुकूम मोडता येईना, म्हाताऱ्याला जाळवेना. शेवटी त्यांनी मंदिराची दारं काढली, अंगणात रचली आणि ती पेटवली. खाली दरीतून धूर दिसला म्हणजे झालं. मंदिर वाचलं. देशातली सगळ्यांत जुनी घंटा तिथे आहे, ७२५ सालची, तीही वाचली.

आम्ही सगळे गप्प होतो. कोणीतरी विचारलं, हा प्रसंग कुठल्या ड्रामात आहे? गाइड म्हणाली, “नाही, हा खरा आहे.” आणि मग घड्याळ बघून म्हणाली, “जेवायला चाळीस मिनिटं.”

*

जेवणापाशी ‘जस्ट वन’ अडलं. त्या भागात रानभाज्यांचं जेवण प्रसिद्ध आहे, सानचे जंगशिक. एका माणसासाठी पंधरा-वीस वाट्या मांडतात, म्हणून बहुतेक ठिकाणी ते निदान दोघांनी घ्यावं लागतं. भिंतीवरच्या मेनूत पदार्थापुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: दोन माणसांपासून पुढे. कोरियात एकट्यानं जेवण्याला हल्ली ‘होनबाप’ असा शब्दच रुळलाय आणि त्याचं कौतुकही होतं. पण ते नूडल्सपाशी. मोठं जेवण अजून जोडीनंच. म्हणजे ‘एकटीच?’ इथेही होतं, फक्त मेनूवर छापलेलं.

मी इकडेतिकडे बघितलं. केशरी टोपी माझ्याकडेच बघत होती. “तीता, टू पर्सन?”

“टू पर्सन,” मी म्हटलं.

गाइडनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “इमो!” आणि आतून साठीच्या एक बाई हात पुसत बाहेर आल्या. मालिकांमध्ये ही हाक हजारदा ऐकलेली, पण सबटायटलमध्ये तिचं ‘मॅडम’ की काहीतरी होऊन जातं. मी गाइडला विचारलं, इमो म्हणजे नेमकं काय? “आईची बहीण,” ती म्हणाली. “पण हॉटेलातल्या बाईला आम्ही सगळे तेच म्हणतो.” मला हसूच फुटलं. अहो, मावशी! पोळ्या करायला येतात त्या मावशी, शाळेत घंटा देतात त्या मावशी, खानावळीत वाढतात त्या मावशी. काकू नाही, आत्या नाही, आईचीच बहीण. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच बाई निवडलीय.

मावशींनी वाट्या मांडल्या. कसलासा नेचा परतून, कसलीशी मुळं तिखटात कालवून, काट्याच्या झाडाचा कोवळा पाला, सोयाबीनचं आंबवलेलं कालवण, आणि मेमिलचं, म्हणजे बकव्हीटच्या पिठाचं, पातळ धिरडं. उत्तरेत उपासाला जो कुट्टू खातात तोच हा. सगळं सुरेख होतं, पण मालवणी माणसाच्या ताटात एवढा पाला बघून माझ्या तोंडून गेलं, आज काय सोमवार आहे का? अर्थात कोणाला कळलं नाही. मग मावशींनी मधोमध एक तिखट माखून भाजलेला सुका मासा आणून ठेवला आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्याचं नाव ह्वांगते. पुढे देग्वालयोंगची खिंड येते, तिथे गाइडनं तो सुकताना दाखवला. बर्फाच्या शेतात लाकडी मांडव आणि त्यावर ओळीनं लटकवलेले हजारो मासे, तोंडं वर. रात्री गोठतात, दिवसा उन्हानं सैलावतात, पुन्हा रात्री गोठतात. असा सगळा हिवाळा काढला की मांस पिवळट आणि भुसभुशीत होतं. आमच्याकडे वाळूवर आणि बांबूंवर उन्हात जे होतं तेच, फक्त बर्फात. बसमधले बाकीचे लोक झोपले होते. मी काचेला नाक लावून बघत होते आणि माझ्याकडे दाखवायला कोणी नव्हतं. दिवसभरात एवढा एकच क्षण तसा. ताईला फोटो पाठवला. उत्तर आलं, “किलो काय भाव?”

*

खिंडीनंतरचे बोगदे संपले की समोर एकदम समुद्र उघडतो. जुमुनजिनजवळच्या यंगजिन किनाऱ्यावर बस थांबली. रस्त्याच्या एका बाजूला कॉफीची दुकानं, दुसऱ्या बाजूला वाळू. वाळूतून समुद्रात घुसलेले सिमेंटचे बंधारे, एक नाही, एकामागून एक असे बरेच, सगळे सारखे. त्यांतला एक ‘तो’. मालिकेत वाढदिवसाला केक घेऊन बसलेली मुलगी याच्यावर मेणबत्ती विझवते आणि मागे तो गोब्लिन उभा असतो, हातात फुलांचा गुच्छ. कोणता बंधारा हे ओळखायची खूण सोपी: ज्याच्यापुढे रांग आहे तो.

हे बंधारे कशासाठी बांधले ते मला सांगायची गरज नव्हती. लाटांनी वाळू वाहून जाऊ नये म्हणून. आमच्याकडे त्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात, आणि दर निवडणुकीला तो नव्यानं मंजूर होतो. दगड-सिमेंटची ही वस्तू कोणाला रोमँटिक वाटेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. वेंगुर्ल्याला आम्ही तिच्यावर बसून खेकडे काढायचो.

बंधाऱ्याच्या तोंडाशी एक आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले. पुढे खोका. खोक्यात लाल मफलर आणि पांढऱ्या फुलांचे गुच्छ, भाड्यानं. मालिकेत तिच्या गळ्यात लाल मफलर, त्याच्या हातात मेमिलची फुलं. मेमिल फुलतं सप्टेंबरात, त्यामुळे फेब्रुवारीत ही फुलं कापडाची. मी एक गुच्छ हातात घेतला. एका काडीतून तार बाहेर आली होती आणि तिला हिरवी चिकटपट्टी गुंडाळलेली. फुलं एवढ्या हातांतून गेली होती की पांढऱ्याची साय झाली होती.

मेमिलचीच फुलं का, गुलाब का नाहीत? याचं उत्तर मला लोककथेत सापडलं. मालिकेला इंग्रजीत गोब्लिन म्हटलंय, पण मूळ शब्द दोक्केबी. कोरियन कथांतला दोक्केबी टाकून दिलेल्या जुन्या केरसुणीतूनसुद्धा तयार होतो, वाटसरूला अडवून कुस्ती खेळतो, आणि त्याला मेमिलच्या पिठाची खांडवी फार आवडते. तो भूतही नाही आणि देवही नाही. कोकण-गोव्याकडच्या वाचकाला यापुढे सांगायला नको: हा आमचा देवचार, गावाचा राखणदार. आमचा सोरो-रोट, म्हणजे दारू आणि भाकरी, घेतो, त्यांचा मेमिल घेतो. फक्त आमच्या देवचाराला अजून कोणी चांगला कोट शिवलेला नाही.

मी मफलर हातात धरला आणि मला एकदम अप्पांच्या स्टुडिओतला कोट आठवला.

स्टुडिओत एकच कोट होता, करडा. लग्नाच्या फोटोला, नोकरीच्या अर्जाला, मुंबईला जाणाऱ्या मुलाच्या आईकडे ठेवायच्या फोटोला, सगळ्यांना तोच. माणूस किडकिडीत असला की अप्पा पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. समोरून साहेब, मागून वलणी. पाठीमागे पडदा होता, त्यावर काश्मीरचं तळं आणि शिकारा. तो रंगवलेला आमच्याच गावच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं. त्यानं काश्मीर सोडा, कोल्हापूरसुद्धा बघितलं नव्हतं. शिकाऱ्याला त्यानं आमच्या होडीसारखी बाजूची उलांडी काढली होती. दहा मिनिटांवर खरा समुद्र होता आणि लोक चालत येऊन, आरशात भांग पाडून, पावडर लावून, त्या रंगवलेल्या तळ्यापुढे उभे राहायचे. मी अप्पांना एकदा विचारलं होतं, लोकांना कळत नाही का हे खोटं आहे? अप्पा रिळ गुंडाळत म्हणाले, “न कळायला काय झालं? पडद्याला हात लावून बघतात आधी.”

बंधाऱ्यावर तेच चाललं होतं. लोक आधी आजूबाजूला बघायचे. मागे गाड्या, शेजारी कॉफीचं दुकान, पायाखाली शेवाळलेलं सिमेंट. एक मुलगी मोठ्यानं म्हणालीसुद्धा, “एवढंच?” आणि मग मफलर गळ्यात घालून, केस सारखे करून ती टोकाकडे चालत गेली आणि चेहरा बदलला तिचा.

गाइडनं मला बाजूला घेऊन युक्ती शिकवली. दिवसभराचं माझं काम तिनं बघितलं होतं. फोन उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली जाते. गुडघ्यावर बसायचं. बंधारा मधोमध, दोन्हीकडे पाणी, आणि क्षितिज माणसाच्या डोक्यावर नाही, कमरेपाशी. “रस्ता नको, शेजारचा बंधारा नको, रांग नको.” मी बसले. फोनच्या चौकटीत बघितलं आणि अंगावर काटा आला. सगळं गेलं. कॉफीचं दुकान, आजोबा, खोका, आमची बस. उरला समुद्र आणि त्याच्या पोटात गेलेली एक वाट. मघाशी ऐकलेली दारांची होळी मला तेव्हा नीट समजली. खालून काय दिसेल ते बघणारा कोणीतरी त्या सैनिकांतही होता.

वारा असा होता की मेणबत्ती काही पेटेना. मालिकेत ती फुंकर मारते आणि तो येतो. इथे लायटर पेटण्याआधीच विझत होता. त्या हिशेबानं दोक्केबीला दिवसातून हजार हेलपाटे पडत असणार. मलेशियाच्या नवऱ्या मुलानं शेवटी मेणबत्ती न पेटवताच फुंकर मारली. बायको हसत सुटली. एक, दोन, तीन झालं, ती श्वास घ्यायला थांबली, आणि मी काढला. त्या दिवसातला माझा सगळ्यांत चांगला फोटो तो. माझ्याकडे तो नाही, त्यांच्याकडे आहे.

माझी पाळी आली तेव्हा निघायला सात मिनिटं होती. केशरी टोपीनं फोन घेतला. मी मफलर गुंडाळला, गुच्छ धरला, टोकाकडे चालत गेले. काय करायचं हे कळेना. हसायचं? समुद्राकडे बघायचं? एवढ्या लोकांना उभं राहायला शिकवलं आणि स्वतःचे हात कुठे ठेवायचे ते सुचेना. लाट आली आणि बूट भिजले. फोटोत मी तारेचा गुच्छ झाडूसारखा धरून पायाकडे बघतेय.

*

शेवटचा थांबा थोडा उत्तरेला, ह्यांगहो किनारा. तो खास केशरी टोपीचा. बीटीएस या कोरियन बँडच्या २०१७ मधल्या एका अल्बमच्या फोटोसाठी इथे वाळूत एक बस थांबा उभारला होता. फोटो झाले, थांबा काढून टाकला. पण पोरं शोधत यायची आणि रिकाम्या वाळूत उभी राहायची. शेवटी गांगनुंगच्या नगरपालिकेनं तसाच थांबा पुन्हा बांधला. म्हणजे मुळातच खोटा असलेल्या थांब्याची ही नक्कल. इथे कधी कुठली बस आली नाही आणि येणार नाही. मला त्या गाण्यांतलं फारसं कळत नाही, खरं सांगायचं तर सात जणांतले तीनच ओळखता येतात. पण नगरपालिकेच्या बैठकीत हा ठराव कसा मांडला असेल, याचा विचार करून मी बराच वेळ खूश होते.

तो बाकावर जाऊन बसला. टोपी काढली. आधी बसमध्ये बडबड बडबड करणारा पोरगा एकदम गप्प. मी फोटो काढले, मग फोन खाली केला. त्याला कोणी घाई केली नाही. गाइडनंसुद्धा घड्याळ बघितलं आणि पुन्हा बाहीत ढकललं. मग तो सरकला आणि शेजारची जागा थोपटली. मी बसले. बूट ओले होते, पाय बधिर झाले होते. आम्ही दोघं न येणाऱ्या बसची पाच मिनिटं वाट बघितली आणि मग आमची खरी बस हॉर्न वाजवायला लागली.

सोलला पोचायला रात्रीचे दहा वाजले. उतरताना गाइडनं यादी काढली आणि पुन्हा सगळ्यांची नावं घेतली. माझ्या नावापुढे दुसरा गोल.

खोलीवर येऊन बूट हीटरपाशी ठेवले तोवर त्या पोरानं पाठवलेले फोटो आले होते. झाडूवाला होताच. शिवाय एक मला न सांगता काढलेला: बंधाऱ्यावर मी गुडघ्यावर बसलेय, फोन उलटा, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक बाहेर. अप्पांची जीभ नेमकी अशीच यायची. गळ्यात मफलर नाही, मागे आजोबांचा खोका आणि कॉफीच्या दुकानाची अर्धी पाटी. चौकटीत येऊ नये ते सगळं आलेलं. तोच व्हॉट्सॲपला लावला.

दोन मिनिटांत ताईचा मेसेज. तिकडे संध्याकाळचे सात वाजायचे होते. “एकटीच गेलंस मा? मगे ह्यो फोटो कोणी काढलो?”

मी लिहिलं, “भाच्यानं.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं, “खंयचो भाचो? माझो तर हयसर घोरता.”